आधी खेजडी मोजा, मग जागा आखा: थारमधल्या जमिनीवर झाड राखून प्रकल्प कसा उभारावा

बीकानेरच्या पश्चिमेला एका सौर प्रकल्पाच्या जागेचा नकाशा माझ्याकडे आला तेव्हा त्यावर सगळं होतं. पॅनेलच्या रांगा, आतले रस्ते, इन्व्हर्टरच्या खोल्या, कुंपण, चौकीदाराची खोली. झाड मात्र एकही नव्हतं. जागेवर गेलो, दिवसभर फिरलो आणि बासष्ट खेजड्या मोजल्या. नकाशा काढणाऱ्या मुलीने कामचुकारपणा केला नव्हता. तिला हद्दीचे बिंदू आणि जानेवारीतलं उपग्रहाचं चित्र दिलं होतं, आणि जानेवारीत इथली खेजडी छांगलेली असते. चाऱ्यासाठी पाला-फांद्या उतरवून घेतलेल्या, मागे नुसता खुंटासारखा बुंधा. वरून पाहिलं तर वाळूवर एक काळा ठिपका. तो तिने झुडूप समजून सोडून दिला होता.

त्या बासष्टांपैकी एकोणपन्नास वाचल्या. गेलेल्या तेरांपैकी निदान आठ तरी केवळ आम्ही उशिरा मोजल्या म्हणून गेल्या. तोवर रांगा ठरल्या होत्या, लोखंडाची ऑर्डर गेली होती, आणि ठरलेला आराखडा हलवायला कुणी तयार नव्हतं. हा लेख त्या आठ झाडांमुळे लिहितोय. महाराष्ट्रातून राजस्थानात सौर प्रकल्पांवर, गोदामांवर, रिसॉर्टच्या कामांवर येणारे इंजिनिअर आणि ठेकेदार खूप आहेत. काही जण गुंतवणूक म्हणून जमीनही घेतात. त्यांच्या हाती हे आधी पडावं.

खेजडी आपल्याला परकी नाही. ही आपली शमी. काही भागांत तिला सौंदड म्हणतात. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवली ती याच झाडावर, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेलंगणात ती जम्मी आहे, पंजाबात जंड, आखाती देशांत घाफ. पण आपल्याकडे शमी देवळाच्या आवारात किंवा बांधावर एखादी दिसते; थारमध्ये अख्खं शेत तिच्या भरवशावर उभं असतं. पाऊस वर्षाला दोनशे-तीनशे मिलिमीटर, तोही लहरी. बाकी सगळं करपलेलं असताना ऐन एप्रिल-मेमध्ये खेजडीला नवी पालवी फुटते. तिचं सोटमूळ वीस मीटरहून खोल जातं, मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात, आणि तिच्याखाली बाजरी, मूग, मोठ (आपली मटकी) चांगले येतात. पाल्याला लूंग म्हणतात, तो शेळ्या-उंटांचा चारा. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, पिकून वाळल्या की खोखा. १९८३ साली राजस्थानने हिला राज्यवृक्ष केलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की एक झाड पाडताना नेमकं काय पाडतोय, हे काम करणाऱ्याला ठाऊक असावं.

पहिलं काम: जमीन घेण्याआधी कागद आणि गाव, दोन्ही वाचा

जमाबंदी (इथला सातबारा) आणि खसऱ्याचा (गटाचा) नकाशा सगळेच पाहतात. त्यापुढे एक पाऊल जा. गिरदावरीच्या (पीकपाहणीच्या) नोंदी मागवा, झाडांचा उल्लेख आहे का बघा, आणि मग पटवाऱ्याला (तलाठ्याला) घेऊन जागेवर फिरा. मुख्य शोधायचं असतं ते ओरण आणि गोचर. ओरण म्हणजे आपल्या देवराईचा वाळवंटातला अवतार: एखाद्या देवीच्या किंवा लोकदेवतेच्या नावाने पिढ्यान् पिढ्या राखलेली जमीन, जिथे कुऱ्हाड चालत नाही. गोचर म्हणजे गावाचं गायरान.

अडचण अशी की पुष्कळ ओरण महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदलेलेच नाहीत. तिथे 'सिवायचक', म्हणजे सरकारी पडीक, असं लिहिलेलं असतं. कागदावर स्वच्छ दिसणारी जमीन गावाच्या लेखी देवीची असते. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरण आणि तत्सम पवित्र वनांचं सर्वेक्षण करून, नकाशे तयार करून त्यांना वन म्हणून दर्जा देण्याचे आदेश दिले. त्यामुळे आज सिवायचक दिसणारी जागा उद्या वनाच्या व्याख्येत येऊ शकते, आणि वन म्हटलं की १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि केंद्राची मंजुरी आली.

म्हणून गावात जा. सरपंचाकडे जाच, पण त्याआधी जो माणूस शेळ्या घेऊन त्या जमिनीवर रोज फिरतो त्याच्याशी बोला. दोन प्रश्न पुरतात. इथे कुऱ्हाड चालते का? इथल्या सांगऱ्या कोण तोडतं? पहिल्याच्या उत्तराने ओरण कळतो, दुसऱ्याच्या उत्तराने झाडावर हक्क कुणाचा ते कळतं. आणि तो हक्क जमाबंदीत नाव असणाऱ्याचाच असतो असं नाही.

जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या खेजडली गावात १७३० साली, चुन्याच्या भट्टीसाठी लाकूड न्यायला आलेल्या दरबारच्या माणसांसमोर, अमृतादेवीसह बिश्नोई पंथाच्या ३६३ माणसांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिले. 'सिर सांटे रूंख रहे तो भी सस्तो जाण', शिर देऊन झाड वाचलं तरी सौदा स्वस्त, हे वाक्य इथे आजही घराच्या भिंतीवर लिहिलेलं सापडतं. बीकानेर भागात सौर प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या म्हणून अलीकडच्या वर्षांत धरणी झाली, बंद झाले. ज्यांना हा इतिहास माहीत नसतो त्यांना हा विरोध अचानक उगवल्यासारखा वाटतो.

दुसरं काम: झाड ओळखायला शिका

ही पायरी बरेच जण गाळतात. थारमध्ये खेजडीइतकीच, किंबहुना जास्त, वेडी बाभूळ दिसते. मूळची अमेरिका खंडातली, इथे लावली गेली आणि पसरत गेली. दोन्हींना बारीक पानं, दोन्हींना काटे, दोन्हींना शेंगा. सर्व्हेवाल्या पोरांनी दोन्ही एकाच खान्यात टाकली की दोन्हीकडून नुकसान. वेडी बाभूळ खेजडी म्हणून मोजली तर संख्या फुगते आणि मालक वैतागून सगळंच साफ करायला निघतो. खेजडी वेडी बाभूळ म्हणून मोजली तर पहिल्याच आठवड्यात जेसीबीखाली जाते.

फांदी हातात घ्या. वेड्या बाभळीचे काटे पेऱ्यावर, पान फुटतं तिथेच, बहुधा जोडीने आणि लांब, सुईसारखे. खेजडीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि पेऱ्यांच्या मधल्या भागावर विखुरलेले; गुलाबाच्या काट्याची आठवण करून देतात. वेडी बाभूळ बहुतेक वेळा जमिनीपासूनच अनेक खोडांनी झुडपासारखी फुटते. जुन्या खेजडीला एकच बुंधा असतो, राखाडी, आणि सालीवर बोट जाईल अशा खोल उभ्या भेगा. एकदा दोन्ही फांद्या शेजारी शेजारी ठेवून पोरांना दाखवल्या की चूक होत नाही. मी आता सर्व्हेच्या पहिल्या सकाळी हेच करतो, बाकी सूचना नंतर.

रोहिडाही ओळखून ठेवा. वसंतात केशरी-पिवळ्या फुलांनी भरतो, राजस्थानचं राज्यपुष्प तेच. तोही इथल्या मातीतला, सावकाश वाढणारा, आणि त्यालाही हाच न्याय लावायचा.

तिसरं काम: मोजणी

उपग्रहाचं चित्र वापरायचं तर मे महिन्यातलं घ्या. तेव्हा जमीन उघडी असते आणि खेजडी हिरवी, त्यामुळे प्रत्येक झाड वेगळं दिसतं. पण चित्रावर थांबू नका, जागेवर चालत जाऊन प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. खिळा ठोकून पत्रा लावू नका. रंगाचा ठिपका किंवा सैल बांधलेली पट्टी पुरते.

प्रत्येक झाडाची नोंद अशी: जीपीएस बिंदू, छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, बुंध्याचा घेर, अंदाजे उंची, फांद्यांचा पसारा, दोन फोटो आणि प्रकृती. प्रकृती म्हणजे नुसतं 'बरं' किंवा 'वाईट' नव्हे. बुंध्याच्या बुडाशी वाका. तिथे तपकिरी, चकचकीत, अर्धवर्तुळाकार अळंबी आलेली असेल तर ती गॅनोडर्मा, मूळ कुजवणारी बुरशी. मुळं पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी हिच्या जोडीला असते. जमिनीखालचं पाणी खाली गेलं, दरवर्षी निर्दयपणे छांगणी झाली, ट्रॅक्टरच्या नांगराने वरची मुळं तुटली, की अशक्त झालेलं झाड या दोघांच्या तावडीत सापडतं. अशा झाडांची वेगळी यादी करा. एखादं झाड द्यावंच लागलं तर निवड या यादीतून सुरू होते. मात्र नोंद कामाआधीची हवी, नाहीतर सोयीच्या जागी नसलेलं प्रत्येक झाड अचानक 'आजारी' ठरतं. हे मी पाहिलं आहे.

गुडघ्याएवढी रोपंही मोजा. खेजडी इतकी सावकाश वाढते की शेळ्यांनी खुरटवलेलं वीतभर झुडूप कैक वर्षांचं असू शकतं, आणि त्याची मुळं कधीच खोल गेलेली असतात. त्याला दोन पावसाळे कुंपण मिळालं तर ते जोमाने वर येतं. नर्सरीतून आणलेल्या रोपापेक्षा त्याचा भरवसा कितीतरी जास्त.

चौथं काम: प्रत्येक झाडाभोवती वर्तुळ

फांद्यांच्या पसाऱ्यावरून मुळांचा अंदाज बांधण्याची सवय सगळीकडे आहे. खेजडीच्या बाबतीत ती घात करते, कारण छांगलेल्या झाडाला पसाराच नसतो. दीड मीटरचा मुकुट दिसला म्हणून दीड मीटर जागा सोडायची, तर बाजूची सगळी मुळं उघड्यावर.

बुंध्यावरून मोजा. बांधकामात झाडं राखण्यासाठी जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे: बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्या. व्यास ४० सेंटीमीटर असेल तर ४.८ मीटर. टेपने घेर मोजला असेल तर घेराला चारने गुणलं तरी काम भागतं. १२६ सेंटीमीटर घेर म्हणजे साधारण ५ मीटर. या वर्तुळात खोदाई नाही, भराव नाही, मुरूम दाबणं नाही, सिमेंट कालवणं नाही, गाडी उभी करणं नाही. सोटमूळ खोल गेलंय म्हणून वरून काहीही केलं तर चालतं हा मोठा गैरसमज आहे. पावसाचं पाणी पिणारी आणि झाडाला धरून ठेवणारी बरीच मुळं वरच्या थरातच आडवी पसरलेली असतात.

एका जागेवर केबलचा चर बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेला. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, झाडाला हातसुद्धा लावला नाही. खरंच होतं ते. पुढच्या एप्रिलमध्ये तिला पालवी फुटली, आम्ही निश्चिंत झालो. त्यापुढच्या वर्षी चराच्या बाजूच्या फांद्या कोऱ्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी बुडाशी अळंबी दिसली. चर खणल्याचा दिवस तोवर सगळे विसरले होते, आणि गावात सांगितलं गेलं की झाड रोगाने मेलं. तिथे वर्तुळ नकाशावर काढलं होतं, जमिनीवर फक्कीने आखलं नव्हतं. ती चूक माझी.

पाचवं काम: सावलीचं गणित स्वतः करा

सौर प्रकल्पात झाड तोडण्याचं नेहमीचं कारण सावली. कारण खरं आहे, पण ते मोजून पाहिलं की खूप लहान होतं.

बीकानेर-जोधपूरचा पट्टा साधारण २६ ते २८ अक्षांशांत येतो. २७ धरू. वर्षातली लांबात लांब सावली २१ डिसेंबरच्या सुमारास पडते. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेएकोणचाळीस अंशांवर असतो, म्हणजे सावली उंचीच्या १.२ पट. सहा मीटरच्या खेजडीची सावली जेमतेम सव्वासात मीटर, आणि ती नेमकी उत्तरेला. सूर्याच्या वेळेने सकाळी ९ वाजता (इथे घड्याळात तेव्हा ९ वाजून ४० मिनिटांच्या आसपास झालेली असतात) सूर्य साडेतेवीस अंशांवर असतो; सावली १४ मीटर, वायव्येला. उत्तर दिशेने मोजली तर त्यातले १० मीटर. दुपारी ३ ला तेवढीच सावली ईशान्येला. दक्षिणेला या वेळात काहीच नाही. आणि २१ जूनला माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर, सावली झाडाच्या पायाशी.

सहा मीटर उंच आणि सहा मीटर पसाऱ्याच्या झाडाची डिसेंबरातली ९ ते ३ ची सगळी सावली एकत्र आखली तर पंख्यासारखा आकार होतो, क्षेत्रफळ फार तर २५० चौरस मीटर. एका मेगावॅटला चार ते पाच एकर, म्हणजे १६ ते २० हजार चौरस मीटर जमीन लागते. तेव्हा एका मेगावॅटच्या जागेत अगदी मधोमध चार झाडं सुटी सुटी ठेवली आणि त्यांच्या पंख्यात एकही पॅनेल लावलं नाही, तरी ५ ते ६ टक्के जागा गेली. ही वाईटात वाईट मांडणी. पॅनेलची खालची कड जमिनीपासून अर्धा-एक मीटर वर असते, तेवढी उंची झाडाच्या उंचीतून वजा होते. झाडं गटाने असतील तर पंखे एकमेकांवर पडतात. आणि पंख्याच्या टोकाशी पॅनेल लावलंच, तर नुकसान हिवाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळच्या थोड्या तासांचं.

हे आकडे कागदावर घेऊन मालकाकडे जा. 'झाडं वाचवू या' म्हटलं की बैठक पाच मिनिटांत संपते. 'बासष्टपैकी तीस झाडांचा उत्पादनावर काहीच परिणाम नाही, वीस झाडांसाठी अमुक पॅनेल सरकवायची, आणि खरा प्रश्न फक्त बारांचा आहे' असं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. सावलीचं सॉफ्टवेअर प्रत्येक कंपनीकडे असतं. त्यात झाडं घाला एवढाच आग्रह धरायचा. ती घातलेली नसतात म्हणून ते सॉफ्टवेअर वाळवंट सपाट दाखवतं.

सहावं काम: आराखडा झाडांभोवती बसवा

आता वर्तुळं आणि पंखे दोन्ही नकाशावर आहेत. उत्तर हद्दीवरची झाडं पहिल्या फटक्यात मोकळी करा, त्यांची सावली तुमच्या कुंपणाच्या रस्त्यावर आणि बाहेर पडते. पलीकडे दुसऱ्याचा प्रकल्प असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्या. दक्षिण हद्दीवरच्या झाडांच्या उत्तरेला दहा मीटरचा पट्टा लागतो. तिथे कुंपणालगतचा रस्ता, स्टोअर, पाण्याची टाकी, चौकीदाराची खोली बसवा. या गोष्टी कुठे तरी बसवायच्याच असतात, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत काम करणारा चौकीदार ती सावली विसरत नाही. मधल्या झाडांना शक्य तिथे आतल्या रस्त्याच्या रेषेत घ्या. रस्ता झाडाच्या उत्तर कडेने, मुळांच्या वर्तुळाबाहेरून गेला की पंख्याचा बराच भाग रस्त्यावरच पडतो, आणि रस्त्याला तर पॅनेल नसतातच.

टेकडी सपाट करण्याचा मोह आवरा. धोरा, म्हणजे वाळूची टेकडी, कापला की झाड एक तर उघडं पडतं, नाहीतर उंचवट्यावर एकटं उरतं आणि पहिल्या वादळात आडवं होतं. खांब ठोकून उभ्या केलेल्या संरचनेला थोडा चढ-उतार चालतो. जमीन जितकी कमी हलवाल तितकी धूळही कमी उडेल, आणि धूळ पॅनेलवरच बसते.

केबलचे चर वर्तुळाबाहेरून वळवा. वळवणं जमतच नसेल तर त्या तुकड्यात हाताने खोदा आणि मोठी मुळं न तोडता केबल त्यांच्याखालून ओवा.

प्लॉटिंग किंवा रिसॉर्टचं काम असेल तर सावलीचा त्रास नाही, उलट सावलीला किंमत येते. तिथली चूक निराळी. प्लॉटची रेघ झाडाच्या बुंध्यातून जाते आणि दोन शेजारी मिळून त्याला मारतात. रेघ सरकवा, झाड पूर्ण एकाच्या पदरात टाका, किंवा सामाईक मोकळ्या जागेत घ्या. आणि खेजडीखाली हिरवळ लावू नका. रोज पाणी प्यालेल्या लॉनखाली वाळवंटातल्या झाडाचं बूड कुजतं.

सातवं काम: परवानग्या

गोदाम, प्लॉटिंग किंवा रिसॉर्टसाठी शेतजमिनीचा वापर बदलायला राजस्थान भूमी महसूल कायदा १९५६ च्या कलम ९०-अ खाली परवानगी लागते. शेतजमिनीवरचं झाड काढायला राजस्थान काश्तकारी कायदा १९५५ लागू होतो. खातेदार असलात तरी मनाला येईल तसं तोडता येत नाही, तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. या कायद्यात विनापरवाना तोडीचा दंड पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंतच ठेवलेला होता. रक्कम १९५५ ची, जेसीबी आजचा. कडक कायद्याची मागणी त्यातूनच आली आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी चालू असलेला नियम तहसील कार्यालयात विचारून घ्या.

सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखालची पूर्वमंजुरी लागत नाही. बांधकाम मात्र २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढचं असेल तर लागते. सौर प्रकल्पाला ही सूट असल्यामुळे झाडांची मोजणी करायला लावणारी एक मोठी पायरीच गळते. म्हणून वरची तिसरी पायरी आपणहून करायची. घरटी असलेलं झाड असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ही मध्ये येतो. अंडी-घरट्यांना धक्का लावणं हे त्यात शिकारीच्या व्याख्येत आहे.

अर्जात झाडाचा क्रमांक, फोटो, घेर आणि 'हे का वाचवता येत नाही' याचं एका ओळीचं कारण प्रत्येक झाडापुढे लिहा. ती ओळ लिहिताना पेन अडखळलं तर ते झाड यादीतून काढा.

आठवं काम: जेसीबी येण्याआधी कुंपण

लोखंडी अँगल आणि जाळी, मुळांच्या वर्तुळाच्या कडेने, झाडामागे एक. रिबन बांधू नका, ती दुसऱ्या दिवशी उडून जाते. जेसीबी आणि पोकलेन चालवणाऱ्यांना पहिल्या दिवशी प्रत्येक झाडाजवळ नेऊन दाखवा. ही माणसं बहुतेक बाहेरगावची, दर महिन्याला बदलणारी. नवा माणूस आला की पुन्हा फिरवा. ठेक्यामध्ये प्रत्येक क्रमांकाच्या झाडामागे कापून घ्यायची रक्कम लिहा, आणि ती कायद्यातल्या दंडाच्या कितीतरी पट असू द्या. रात्रीचं खोदकाम बंद ठेवा. रात्रीत पाडलेली खेजडी पहाटेपर्यंत वाळूत पुरली जाते, आणि मग ती तिथे होती हे सिद्ध करायला तुमच्या मोजणीवहीशिवाय काही उरत नाही.

नववं काम: गेलेल्या झाडांची भरपाई

मोठी खेजडी उपटून दुसरीकडे लावण्याचे प्रस्ताव येतात. खोल सोटमुळाच्या जुन्या झाडाचं मूळ क्रेनच्या गोळ्यात मावत नाही. फोटो चांगला येतो, झाड दोन उन्हाळ्यांत जातं. तो पैसा लागवडीत आणि तीन वर्षांच्या राखणीत घाला.

रोपं इथल्याच बियांची घ्या. बी कठीण कवचाचं असतं, गरम पाण्यात भिजवून पेरावं लागतं. पिशवी लांब हवी, नाहीतर मूळ तळाशी गुंडाळतं आणि झाड जन्मभर अशक्त राहतं. जुलैत पहिला चांगला पाऊस झाला की लावा, खड्ड्यात वाळवीचा बंदोबस्त करा, भोवती ताटलीसारखं आळं करा आणि शेळी शिरणार नाही असं काटेरी कुंपण घाला. उन्हाळ्यात अधूनमधून भरपूर पाणी, रोज थोडं थोडं नको, म्हणजे मूळ खाली जातं. बीकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेने 'थार शोभा' नावाचं बिनकाट्याचं, डोळा भरून (कलम करून) तयार होणारं वाण दिलं आहे. त्याला शेंगा लवकर येतात, म्हणून गावाला द्यायच्या रोपांत ते ठेवा. पण सगळीच लागवड एका वाणाची करू नका.

हिशेब लावलेल्या रोपांचा ठेवू नका, तिसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत असलेल्यांचा ठेवा. दहा लावून तीन जगली तर भरपाई तीनचीच झाली.

दहावं काम: प्रकल्प चालू झाल्यावर

कुंपण पडलं की गावाचा झाडाशी असलेला संबंध तुटतो, आणि मग ते झाड कुणाचंच राहत नाही. जमीन भाड्याने देणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने करारावर अंगठा उठवण्याआधी मला विचारलं, "भाडं मिळेल ते ठीक. पण सांगरी?" मी म्हणालो, "काकाजी, ते करारात नाही." ते म्हणाले, "मग लिही." सुकी सांगरी बाजारात किलोला हजार रुपयांच्या आगेमागे जाते, तो प्रश्न भावनेचा जितका होता तितकाच घरखर्चाचा.

मग आम्ही लिहिलं. हिवाळ्यात छांगणी कुंपणाच्या आतल्या झाडांची, एका वर्षी निम्म्या आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या, वरचा एक तृतीयांश मुकुट कायम ठेवून. त्याने चारा मिळतो, झाडाची उंचीही आटोक्यात राहते आणि सावलीचा पंखा वाढत नाही. सांगरीचा मोसम आला की तीन आठवडे सकाळी सहा ते नऊ फाटक उघडं. काकाजींच्या सुना गोणपाटं आणि लांब काठीचा आकडा घेऊन येतात, चौकीदार सोबत राहतो, इन्व्हर्टरच्या बाजूला जायचं नाही हे ठरलेलं. काठीची उंची आणि वरून जाणाऱ्या तारेची उंची दोन्ही करारात लिहिलेली आहेत. क्रमांक सतरा ही त्यांची सगळ्यात जुनी खेजडी, घेर दोन मीटर दहा. मूळ नकाशात तिथून चौथ्या रांगेचा तिसरा टेबल, म्हणजे पॅनेल बसवायची चौकट, जाणार होता.